कॅसलरॉकपलीकडचे तिकीट

बेळगावच्या माणसाला परदेशी जाण्यासाठी एके काळी समुद्र ओलांडावा लागत नसे. घरी दहीपोहे खाऊन तो टांग्याने स्टेशनावर येई, खिडकीतून हात आत घालून मडगावचे किंवा मुरगावचे तिकीट मागे, आणि देसूर, खानापूर, लोंढा, तिनईघाट ही लहानपणापासून पाठ असलेली स्थानके एकामागून एक मागे टाकीत त्याच प्रवासात दुसऱ्या सरकारच्या अमलाखाली जाऊन उतरे, जेथे शिपायाच्या डोक्यावरची टोपी निराळी होती, कचेरीतली भाषा निराळी होती, नाण्यावरचा मुखवटा निराळा होता, परंतु देवळातली आरती मात्र आपलीच होती. कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, रामनाथ ही ज्यांची कुलदैवते, अशी शेकडो घरे बेळगाव-शहापुरात नांदत होती, आणि त्यांच्या दृष्टीने गोवा हा परदेश नसून देवघराचाच एक दूरचा कोनाडा होता. तरीही तो कायद्याने परदेशच होता. ही सरहद्द बेळगावकरांच्या रोजच्या व्यवहारात कशी शिरली आणि ती ओलांडण्याची विद्या सामान्य उतारू कोठे शिकला, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे आपण वारंवार एका लहानशा पुठ्ठ्याच्या तुकड्यापाशी येऊन थांबतो.

त्या पुठ्ठ्याचा पूर्वज कागदाचा होता. आगगाडी येण्यापूर्वी घाटावरून कोकणात किंवा फिरंगाणात जाणाऱ्या व्यापाऱ्याला राहदारीचे दस्तक लागे. दस्तक घेणारा कोण, कोठला राहणारा, त्याच्यासोबत बैल किती, माणसे किती, गोणीत भरताड कोणती, कोणत्या घाटाने उतरणार, हे सर्व त्यात लिहिलेले असे, आणि वाटेवरील कमाविसदारांनी, चौकीदारांनी व जकातदारांनी मार्गस्थास मुजाहीम न होता जाऊ द्यावे अशी त्यांना ताकीद असे. आंबोलीची गाडीवाट होण्यापूर्वी बेळगावचा माल रामघाटाने बैलांच्या पाठीवरून वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरत असे, आणि तांड्याचा नाईक दस्तकाचा कागद पागोट्यात खोचून पुढे चाले. या कागदाचे मर्म असे, की तो माणसाला नावानिशी ओळखत होता. नाव, गाव आणि माल या तीन गोष्टी सांगितल्यावाचून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात पाऊल टाकण्याची सोय नव्हती. आगगाडीच्या तिकिटाने प्रथम जी गोष्ट केली ती ही, की प्रवाशाचे नाव पुसणे त्याने सोडून दिले. पुढे घडलेल्या सर्व हकिकतीकडे मी याच दृष्टीने पाहतो.

मुरगावची रेल्वे जन्मास आली ती एका तहाच्या पोटी. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत व्यापाराचा तह झाला आणि १८८० च्या जानेवारीपासून तो बारा वर्षांच्या मुदतीने अमलात आला. या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधील जकातीची रेषा उठवली गेली, गोव्याच्या मिठागरांवरील ताबा इंग्रजांकडे गेला, त्याच्या भरपाईदाखल पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लक्ष रुपये द्यावयाचे ठरले, आणि मुरगावच्या नैसर्गिक बंदरापासून सह्याद्री चढून ब्रिटिश हद्दीस मिळणारा लोहमार्ग बांधण्याचेही ठरले. नाण्यांचाही मेळ त्याच वेळी घातला गेला: १८८१ आणि १८८२ या सालांचे गोव्याचे चांदीचे रुपिये कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले आणि ते वजनाने व कसाने कंपनीच्या रुपयाच्या वारशाला आलेल्या इंग्रजी रुपयाशी तंतोतंत जुळत होते. रुपियाचे सोळा तांगे, रुपयाचे सोळा आणे. बाजारात हिशेब करणाऱ्या बेळगावच्या वाण्याला डोके खाजवण्याचे कारण उरले नाही.

लंडनमध्ये उभारलेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनीने किनाऱ्याकडून काम हाती घेतले, आणि घाटमाथ्यावरून सदर्न मराठा रेल्वे तिला भेटावयास निघाली. या दुसऱ्या कंपनीचे ठाणे धारवाडास होते. तिच्या नावातच मराठ्यांचे नाव होते, आणि मला नेहमी वाटते की दक्षिण महाराष्ट्राच्या मनात ही रेल्वे आपली म्हणून जी रुजली त्यात या नावाचाही वाटा असावा. १८८७ साली मुरगावापासून सावर्ड्यापर्यंत गाडी धावू लागली आणि १८८८ च्या प्रारंभी ती दूधसागराच्या धबधब्यासमोरून, बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत, कॅसलरॉकपर्यंत चढून आली. मुरगाव ते सरहद्द हे अंतर ५१ मैलांचे. त्यातला कुळे ते कॅसलरॉक हा घाटाचा टप्पा सोळा-सतरा मैलांचाच, परंतु सारे कष्ट, सारा खर्च आणि मजुरांची सारी हाल-अपेष्टा त्यातच सामावलेली. एका इंजिनाच्या बळावर तो चढ चढवत नाही, म्हणून गाडीच्या मागेही इंजिन लावून तिला ढकलावे लागते. १८८८ पासून आजतागायत या नियमात फरक पडलेला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मार्ग पुरा झाला तेव्हा तह अमलात होता, म्हणजे १८८८ पासून पहिली चार वर्षे जो उतारू या वाटेने गेला त्याला परराज्यात शिरताना बोचके सोडून दाखवावे लागत नव्हते. नाव विचारणारा कोणी नाही आणि माल विचारणाराही कोणी नाही, असा हा अल्पकाळ होता. तहाची बारा वर्षांची मुदत १८९२ च्या जानेवारीत संपली, इंग्रजांनी तो पुढे चालू ठेवला नाही, आणि जकातीची रेषा पुन्हा उभी राहिली. रूळ मात्र उखडता येत नव्हते. एकत्रित मुलखाच्या भरवशावर घातलेल्या रुळांवर दुभंगलेल्या मुलखाचा व्यवहार चालू झाला, आणि पुढील साठ-सत्तर वर्षे या मार्गाचा जो विशेष स्वभाव बनला तो या विसंगतीतून बनला: तिकीट सरळ होते, सामान सरळ नव्हते.

आता त्या तिकिटाकडे जरा जवळून पाहू. सव्वादोन इंच लांब आणि सुमारे सव्वा इंच रुंद असा तो जाड पुठ्ठ्याचा तुकडा. त्याची कल्पना इंग्लंडातील टॉमस एडमंडसन या गृहस्थाची. हा मूळचा लँकेस्टरचा लाकूडसामानाचा कारागीर. धंद्यात बुडाला आणि १८३६ साली न्यूकॅसल-कार्लाईल रेल्वेवरील एका आडगावच्या स्टेशनावर मास्तर म्हणून लागला. तोपर्यंत घोड्याच्या टपालगाडीची रीत आगगाडीलाही लागू होती, म्हणजे प्रवाशाचे नाव वहीत नोंदवून त्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी देत. आपण आजही तिकीट काढण्याच्या जागेला बुकिंग ऑफिस म्हणतो ते त्या वहीवरून. एडमंडसनने वही दूर सारली, पुठ्ठ्याची तिकिटे आधीच छापून त्यांवर क्रमांक घातले, आणि विक्रीच्या क्षणी तारीख उमटविणारे एक लहानसे यंत्र तयार केले. नावाची जागा अंकाने घेतली. सुतारकाम जाणणाऱ्या या माणसाच्या हातून तिकिटे ठेवण्याचे जे लाकडी कपाट घडले, तेच पुढे बेळगावपासून तर जगाच्या टोकापर्यंत प्रत्येक स्टेशनात उभे राहिले.

बेळगावच्या स्टेशनातले कपाट मी लहानपणी, आजीचे बोट धरून, खिडकीच्या उंबरठ्यावर हनुवटी टेकवून पाहिलेले आहे. उभे अरुंद खण एकाशेजारी एक, प्रत्येक खणात एकाच गावची तिकिटे थप्पीने रचलेली. मास्तर खालून एक तिकीट ओढी, की वरची सारी थप्पी एका तिकिटाच्या जाडीइतकी खाली बसे. मग ते तिकीट तारखेच्या यंत्राच्या फटीतून एकदा या टोकाने व एकदा त्या टोकाने जाई आणि दोन्ही वेळा खट्‌ खट्‌ असा जो आवाज होई तो ऐकला म्हणजे आपला प्रवास खरोखरच ठरला अशी खात्री पटे. मी बारा वर्षांच्या आतला, म्हणून माझ्या तिकिटाचा एक कोपरा कात्रीने उडविला गेला. तो उडालेला कोपरा मास्तर टाकून न देता वेगळा ठेवी, कारण अर्ध्या तिकिटाचा हिशेब त्या तुकड्यांवरून वरिष्ठांस द्यावा लागे. गाडी गेल्यावर प्रत्येक खणातील सर्वांत खालच्या तिकिटाचा क्रमांक टिपून ठेवला, की कोणत्या गावाला किती माणसे गेली आणि किती रक्कम जमली पाहिजे, हे पावतीपुस्तकावाचून कळे. ज्या गावाचे छापील तिकीट नसे त्याच्यासाठी कोऱ्या कागदाच्या तिकिटावर हाताने गावाचे नाव, मैल आणि भाडे लिहून देत, आणि अशा उतारूमुळे रांग खोळंबली की मागचे लोक कुरकुरत. परंतु मडगाव व मुरगाव यांची पुठ्ठ्याची तिकिटे तयार असत. तेथे जाणारा माणूस रांग अडवीत नसे. आजीने आमची तिकिटे पदराच्या गाठीत बांधली आणि ती गाठ कमरेला खोचली. तिच्या लेखी ती दस्तकेच होती.

या मार्गाच्या आरंभकाळातील एक तिकीट इतिहासात नोंदले गेले आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापुराहून बेळगावास आले. रिसालदार गल्लीतील भाटे यांच्या घरी प्रथम आणि मग जंगलखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्या बंगल्यावर त्यांचा मुक्काम झाला. मित्र पतिपत्नींनी त्यांचे शिष्यत्व पत्करले, आणखी काही दिवस राहा म्हणून आग्रह केला. पण २७ ऑक्टोबरच्या सुमारास स्वामींनी निघण्याचे ठरविले. तेव्हा हरिपदांनी त्यांना मुरगावचे तिकीट काढून दिले, गाडीत बसविले आणि साष्टांग नमस्कार घातला, असे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे मडगावात सुब्राय नायक यांच्या घरी त्यांचा मुक्काम झाला आणि राशोलच्या सेमिनरीतील धर्मग्रंथ त्यांनी पाहिले, असे गोव्यातले लोक सांगतात. शिकागोला अजून अकरा महिने अवकाश होता. त्या काळात हे संन्यासी आपली ओळख लपविण्यासाठी कधी विविदिषानंद तर कधी सच्चिदानंद अशी नावे बदलीत देशभर हिंडत होते. दस्तकाच्या काळी त्यांना चौकीवर कोणते तरी नाव सांगणे भाग पडले असते. बेळगावच्या खिडकीने ते विचारले नाही. नऊ-दहा महिन्यांपूर्वीच पुन्हा उभ्या राहिलेल्या जकातीच्या रेषेवरही झडती होती ती सामानाची, आणि त्यांच्याजवळ सामान ते किती असणार!

सामान ज्यांच्याजवळ होते त्यांची कथा निराळी. कॅसलरॉक हे उत्तर कानडा जिल्ह्यातील, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवरील, पावसाने आणि धुक्याने वेढलेले ठिकाण. दगडी कड्यांची किल्ल्यासारखी ठेवण पाहून साहेबांनी त्याला हे नाव दिले. एका लोहमार्गाचे आणि एका साम्राज्याचे टोक एवढेच त्याचे भाग्य, पण त्या भाग्याने तेथे मोठी वसाहत, कस्टमची कचेरी, इंजिनांची शेड आणि सामान तपासण्याचे लांबलचक ओटे उभे केले. जाताना तेथे ब्रिटिश कस्टमचे शिपाई डब्यात शिरत, आणि घाट उतरून कुळ्याला गाडी पोचली की पोर्तुगीज जकातीचे लोक, ज्यांच्या कचेरीला गोमंतकीय आल्फांद म्हणत, आपली पाळी बजावीत. परतीच्या वाटेवर हाच क्रम उलट. ट्रंका फलाटावर उघड्या पडत, वळकट्या सुटत, लोणच्याच्या बरण्यांची झाकणे निघत. मिठाचे कारण सर्वांत कडू होते. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर आणि गोव्यात मिठागरे हाताशी, त्यामुळे देवदर्शन करून येणाऱ्या म्हातारीच्या बोचक्यातले पायलीभर मीठ हाही सरकारी तिजोरीवरचा दरोडा ठरे. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास मिठाची जागा परदेशी कापड, घड्याळे, अत्तरे आणि मद्य यांनी घेतली, आणि तपासणीची करडी नजर तशीच राहिली.

तेव्हा बेळगावच्या उतारूला या प्रवासाची जी विद्या शिकावी लागली तीत तिकीट काढणे हा भाग सर्वांत सोपा होता, आणि तसे का, हेही सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज कंपनीची गाडी चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेनेच पत्करले. १९०८ साली तिचे मद्रास रेल्वेशी एकीकरण होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली आणि ही व्यवस्था तिच्याकडे चालत आली. मालकी एकाची, चालवणूक दुसऱ्याची. एकच वेळापत्रक, एकाच पद्धतीचे डबे, एकाच शाळेत तयार झालेले गार्ड आणि मास्तर. खिडकीवर घेतलेल्या एका रकमेचे सरहद्दीच्या अलीकडचे किती नि पलीकडचे किती, हा वाटणीचा हिशेब कंपन्या आपापसात करीत आणि उतारूला त्याचा पत्ताही नसे. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्याला टॉमस कुकसारख्या पेढीकडून अनेकदा कूपनांची माळ विकत घ्यावी लागे त्या काळात लोंढ्याचा शेतकरी आणा-पै मोजून परराज्याचे सरळ तिकीट घेत होता. पाँडिचेरीची गोष्ट काहीशी अशीच: १८७९ पासून विळुप्पुरमहून फ्रेंच वसाहतीत आगगाडी जात होती आणि तेथेही सामानाची झडती होई. पण तो पंचवीस मैलांच्या आतला, सपाटीवरचा फाटा. सह्याद्रीचा कडा आणि साम्राज्याची शीव एकाच जागी एकाच तिकिटाने ओलांडण्याचा प्रसंग आमच्याच वाट्याला आला.

शिकण्यासारख्या गोष्टी मग कोणत्या? पहिली लोंढ्याची. येथे मार्ग दुभंगतो. एक अळणावर-धारवाडकडून हुबळीस जातो, दुसरा पश्चिमेला वळतो. झोपेत राहिलेला माणूस कुलदैवताऐवजी हुबळीला जाऊन पोचल्याच्या कथा घरोघर होत्या, म्हणून आजी आम्हांला स्थानकांची नावे परवच्यासारखी पाठ करायला लावी. दुसरी गोष्ट वेळेची. १९०६ मध्ये हिंदुस्थानची एकच प्रमाणवेळ ठरण्यापूर्वी रेल्वे मद्रासच्या घड्याळावर चाले, आणि मद्रासचा सूर्य बेळगावपेक्षा सुमारे तेवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. गावच्या घड्याळावर विसंबून निघालेल्याला फलाटावर फक्त गाडीचा धूर दिसे. तिसरी भाषेची. खिडकीवरचा मास्तर बहुधा मद्रासकडचा, क्वचित अँग्लो-इंडियन. बेळगावचा माणूस त्याच्याशी मराठी-कानडीची मिसळ बोले, आणि कुळ्याला पोचल्यावर त्याच मिसळीत कोकणीची भर घाली. पोर्तुगीज भाषेत तिकिटाला बिल्येत म्हणतात हे ज्ञान कचेरीच्या पाटीपुरतेच राहिले. खालच्या वर्गाने प्रवास करणाऱ्यांनी कोणत्याही राजभाषेची वाट न पाहता आपला संवाद साधला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

निपाणीकरांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. तंबाखूच्या व्यापाराने देशभर नाव गाजविलेल्या या पेठेत आगगाडी कधी आलीच नाही. चिकोडी रोड हे स्टेशन नावापुरते जवळचे. निपाणीचा व्यापारी बहुधा पुणे-बंगळूर रस्त्याने कागलवरून कोल्हापूर गाठी, जेथे १८९१ मध्ये शाहू महाराजांच्या कारकिर्दीत मिरजेहून संस्थानची रेल्वे आली होती. निपाणी ब्रिटिश मुलखात आणि कागल-कोल्हापूर संस्थानी हद्दीत. म्हणजे ज्याला मुंबईस जावयाचे त्याला स्टेशनावर पोचण्याकरताच एक सरहद्द ओलांडावी लागे, आणि मग मिरजेस गाडी बदलून मीटरगेजने पुण्याला, तेथे रुंद रुळावरच्या गाडीत सामान हलवून पुढे. पुण्याच्या त्या फलाटावर तंबाखूच्या नमुन्यांचे गठ्ठे एका गाडीतून दुसरीत जाताना हमालांशी होणारी घासाघीस हा निपाणीच्या पेढ्यांवरील बोलण्याचा कायमचा विषय होता. आमच्या प्रदेशात परमुलूख ही कल्पना कधी फार दूरची नव्हतीच. ती मैलाच्या दगडांइतकी पायाखालची होती.

नाव न पुसण्याचा हा काळ संपला तो स्वातंत्र्याच्या लढ्यात, आणि या लढ्याच्याही कित्येक घटना याच रुळांच्या कडेला घडल्या. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात जाहीर सभांच्या बंदीचा हुकूम मोडला, आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये गोमंतकीय कार्यकर्त्यांची परिषद भरली ती लोंढ्यास. नॅशनल काँग्रेस गोवा ही संस्था तेथे स्थापन झाली. लोंढ्याची निवड सहज झाली नसावी. ब्रिटिश हद्दीतील पण गोव्याच्या दारातले, मुंबई, पुणे, बेळगाव आणि मडगाव या चारी ठिकाणांहून एकाच तिकिटाने गाठता येणारे जंक्शन दुसरे कोणते होते? २९ सप्टेंबर १९४६ रोजी लोहिया पुन्हा गाडीने गोव्यात शिरले, तेव्हा कुळे स्थानकावरच त्यांना पकडून आग्वादच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. ज्या फलाटावर आजवर गठड्या सोडून पाहत, त्या फलाटावर आता माणूस कोण आहे हे पाहिले जाऊ लागले. सामानाची झडती माणसाच्या झडतीत बदलली, आणि १९५४ पासून दोन्ही बाजूंची ये-जा परवान्यांनी जखडली जाऊ लागली. नाव, गाव, कारण, मुदत. पागोट्यात खोचलेले दस्तक शंभर वर्षांनी परत आले होते.

आमची ती यात्रा या बंधनांच्या थोडी आधीची, म्हणून ती मला अधिकच मोलाची वाटते. कुळ्याला आजीचे बोचके उघडले गेले तेव्हा त्यात देवीची साडी, खण, नारळ आणि आम्हा पोरांसाठी बांधलेल्या दशम्या निघाल्या. तपासणाऱ्या शिपायाने साडीची घडी जशीच्या तशी परत घातली आणि कोकणीत विचारले, "कवळ्याक?" आजी म्हणाली, "होय रे बाबा." दोघांमध्ये एवढेच बोलणे झाले. खाकी पोशाखातल्या त्या माणसाला जकातीची यादी तोंडपाठ होती तशी देवीच्या ओटीची यादीही तोंडपाठ होती, हे मला त्या वयातही जाणवले.

१५ ऑगस्ट १९५५ या दिवशी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले सत्याग्रही अनेक वाटांनी गोव्यात शिरले. बेळगाव हा त्यांच्या जमण्याचा एक मोठा तळ होता. कॅसलरॉककडून गेलेल्यांनी लोहमार्गाचीच वाट धरली आणि ते तिकिटावाचून, निशाण हाती घेऊन, रुळांवरून पायी चालत गेले. त्या दिवशी पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, कित्येकांना मरण आले, आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेला रेल्वेचा संबंध तोडला. कॅसलरॉक हे शेवटचे स्थानक झाले. घाटातल्या रुळांवर गवत वाढू लागले. बेळगावच्या कपाटातील मुरगाव व मडगाव या खणांतून आता तिकीट ओढण्याचे कारण राहिले नाही, आणि मीटरगेजच्या त्या एका रेषेवर ज्यांची सोयरीक, शेतीवाडी, शिक्षण आणि देवधर्म अवलंबून होता त्यांच्या घरांत सहा वर्षे जी तुटातूट झाली तिची नोंद कोणत्याही खात्याच्या अहवालात सापडायची नाही. लेकी माहेरी येऊ शकल्या नाहीत. गोव्याहून बेळगावला मॅट्रिकसाठी आलेली मुले सुटीत आपल्या नातेवाइकांकडेच राहिली. नवस फेडायचे राहून गेले, आणि काही आज्या ते फेडण्यापूर्वीच निघून गेल्या. आमचीही त्यांपैकीच एक. १९५९ साली पोर्तुगीजांनी रुपिया काढून टाकून एस्कुदो आणला, तेव्हा १८८१ मध्ये टांकसाळीत जुळविलेले नातेही संपले.

१९६१ च्या डिसेंबरात बेळगावच्या फलाटावर पुन्हा वर्दळ झाली ती निराळ्या उतारूंची. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालची सतरावी इन्फन्ट्री डिव्हिजन बेळगाव परिसरात जमत होती आणि सैन्याच्या गाड्यांसाठी नेहमीच्या उतारू-गाड्या रद्द होत होत्या. हे उतारू खिडकीवर गेले नाहीत. १९ डिसेंबर रोजी गोवा मुक्त झाला, आणि मग घाटातील मार्ग झाडून, दुरुस्त करून, गाडी पुन्हा दूधसागरासमोरून जाऊ लागली. मुरगावचे तिकीट बेळगावच्या खिडकीवर परत आले, परंतु आता ते परदेशाचे नव्हते. विचित्र योगायोग असा की त्या पाच-सहा वर्षांत बेळगावच दुसऱ्या राज्यात गेले होते: १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यास जोडला गेला. ज्या गावाला शतकभर सरहद्द चाळीस-पन्नास मैलांवर भेटत होती, त्याच्या उंबरठ्यापाशीच ती येऊन उभी राहिली, आणि तिचे दुःख आम्ही अजून वाहत आहो. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पुठ्ठ्याची तिकिटे आता नाहीत. मीटरगेज टप्प्याटप्प्याने गेले, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घाटातही रुंद रूळ आले, आणि खिडकीवर संगणक बसला. आरक्षणाच्या कागदावर उतारूला आपले नाव, वय आणि पत्ता लिहून द्यावा लागतो. एडमंडसनने बाजूला सारलेली वही यंत्राच्या पोटात शिरून परतली आहे. बेळगावहून वास्कोची गाडी धरणारी आजची मुले खिडकीशी न जाता हातातल्या फोनवर तिकीट काढतात. गाडी मात्र कॅसलरॉकला अजून थांबते. आता तेथे ट्रंका उघडत नाहीत; घाट उतरण्यापूर्वी ब्रेक तपासायचे असतात आणि मागे इंजिने जोडायची असतात, म्हणून ती थांबते. पावसाळ्यात उतारू पाय मोकळे करायला फलाटावर उतरतात, धुक्यात चहाचा पेला हातांत धरून उभे राहतात, आणि मागच्या बाजूने इंजिन येऊन टेकले की सगळ्या डब्यांतून एक हलका धक्का पुढपर्यंत जातो.